आत्या सही देत नाही

"सगळं मीच लिहिलंय सर, एकटीने."

हे वाक्य मी खरोखर बोलले होते. आता आठवलं की उशीत तोंड खुपसावंसं वाटतं. पण त्या दिवशी लोणावळ्यातल्या त्या ऑफिसात सर माझ्या फोनवर नकाशा पुढे-मागे सरकवत होते, समोर चहा होता, चिक्कीचा तुकडा होता, आणि बोलताना माझं तोंड नेहमीच माझ्या पुढे धावतं. टायपिंगचंही तसंच आहे. पाठवून झाल्यावर वाचते.

सर म्हणजे शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईच्या लोकांना तंबूत झोपवून सकाळी डोंगरावर नेणारे एक गृहस्थ. त्यांचा व्यवसाय मोठा, पण त्यांना एक कायमची कटकट होती. डोंगरात रेंज गेली की पाहुण्यांच्या फोनवरचा नकाशा पांढरा पडतो आणि पाहुणे कुठेतरी करवंदीच्या जाळीत उभे राहून हाका मारतात. माझं ॲप रेंज नसतानाही पायवाट दाखवायचं. नुसतं दाखवायचं नाही, वळण आलं की मराठीत बोलायचं, "पुढे डावीकडे वळा." सरांनी ते वाक्य चार वेळा ऐकलं. मग म्हणाले, "पहिल्या तारखेपासून ये. पगाराचं बोलू आपण. फक्त एक कागद आहे, त्यावर सही करून आण, की हे ॲप पूर्णपणे आमचं."

इंजिनिअरिंग संपून मला घरी बसून एक वर्ष झालं होतं. तळेगावात आमच्या सोसायटीत मी हल्ली जिन्याने जायचे, कारण लिफ्टमध्ये 'मग, सध्या काय?' असं विचारतात. पप्पा कंपनीत शिफ्टला असतात. मी लोणावळ्याहून लोकलने तळेगावला उतरेपर्यंत त्यांनी बातमी सोसायटीच्या ग्रुपवर टाकून, पार्किंगमध्ये तोंडी सांगून, वॉचमनकाकांना पेढा देऊन झाला होता. म्हणजे आता मागे फिरायची सोय नव्हती. पहिली तारीख तीन आठवड्यांवर होती.

मी सही तिथेच ठोकणार होते. पण आमच्याकडे एक नियम आहे: कुठलाही कागद आधी आबांना दाखवायचा.

आबा म्हणजे माझे मोठे चुलते, औंढ्याला राहतात. शाळा सातवीपर्यंत, पण कागद वाचण्यात वकिलाला ऐकत नाहीत. आमच्या मावळात गेली कित्येक वर्षं जमिनीला गिऱ्हाइकं येतायत, बंगल्याला, फार्महाऊसला, आणि जमीन म्हटली की सातबाऱ्यावर दहा-बारा नावं. भाऊ, बहिणी, गेलेल्या बहिणीची मुलं. सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय व्यवहार होत नाही. गावात कुणालाही सह्या गोळा करायच्या असल्या की आबांना बोलावतात. कुठल्या बहिणीकडे साडी घेऊन जायचं, कुठल्या मेहुण्याला आधी नुसतं 'कसं काय' विचारून परत यायचं, हे त्यांचं शास्त्र आहे. आयुष्यात त्यांना एकच सही मिळाली नाही. ती पुढे सांगते.

तर रविवारी मी आणि आई औंढ्याला गेलो. आबांनी चष्मा पुसला, कागद उजेडात धरला आणि तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं.

"'सदर कोडवर अन्य कुनाचाबी हक्क, हिस्सा वा दावा न्हाई.' खरं हाय का?"

"हो आबा. ते ओपन सोर्स आहे. इंटरनेटवर फुकट मिळतं."

"म्हंजी तू लिवलेलं न्हाई?"

"काही मी लिहिलंय. काही घेतलंय."

"किती घेतलंय?"

आता इथे खरं सांगायला हवं. नकाशा रंगवणारा कोड एकाचा. वाट शोधणारा कोड दुसऱ्याचा. बोलणारा आवाज तिसऱ्याचा. माझी होती बटणं, रंग, आणि ह्या तिघांना एकमेकांशी बोलायला लावायची खटपट. ती खटपट सोपी नव्हती, आठ महिने लागले होते. पण 'एकटीने' नव्हती.

"फुकाट मिळतं म्हंजी मालक न्हाई, आसं कुनी सांगितलं तुला?" आबा म्हणाले. "गावच्या हिरीचं पानी फुकाटच हाय. तू उपसून टाकीत भर आन वर कुलूप लाव. मग बग कोन कोन येतंय दारात. उतारा काढ."

"कसला उतारा? कोडला उतारा नसतो आबा."

"कागदाबिगर जगात काय नसतं. बग नीट."

होता. प्रत्येक कोडबरोबर लायसन्स नावाची एक फाईल येते. बुटांच्या खोक्यात ती 'खाऊ नका' लिहिलेली पांढरी पुडी असते ना, तिच्याकडे आपण जितकं बघतो तितकंच मी ह्या फाईलकडे बघितलं होतं. मी लॅपटॉप उघडला आणि आबांना मराठीत सांगत एकेक वाचायला लागले.

नकाशावाल्याचं छोटंसं होतं. वापरा, बदला, विका, काहीही करा, फक्त आमचं नाव आणि हा मजकूर काढू नका.

आई शेंगा सोलत बसली होती, ती म्हणाली, "म्हणजे आपली पातेली. लग्नकार्याला कुणीही न्या, पण बुडावरचं नाव घासून टाकू नका."

"ह्यो मानूस चांगला," आबा म्हणाले. "फुडचा."

पुढचा आवाजवाला. शिकायला वापरा, हौस म्हणून वापरा, धंद्यासाठी वापरायचा नाही.

"तुजा सर धंदा करतोय का समाजसेवा?"

"धंदा."

"मग ह्यो गेला."

अशा रीतीने दोन मिनिटांत माझं ॲप मुकं झालं. पण मला तरी वाटलं, ठीक आहे, बोललं नाही तरी वाट तर दाखवेल. म्हणून तिसरी फाईल उघडली. वाट शोधणाऱ्याची. ती लांबलचक होती. मी वाचत गेले आणि माझा आवाज हळूहळू खाली गेला. घ्या, वापरा, बदला, विकासुद्धा. पण हे मिसळून जे काही बनवाल, ते दुसऱ्याच्या हातात देताना सगळं ह्याच अटींवर द्यायचं. कोडसकट. ज्याला दिलं त्यालाही बघायची, बदलायची, पुढे द्यायची मोकळीक हवी. कुलूप लावायचं नाही.

"समदं म्हंजी? तू लिवलेलंबी?"

"माझंही."

"आन त्यो पातेलीवाला?"

"तो मोकळा आहे, त्याला ह्याच्यात घालता येतं. नाव ठेवलं की झालं. पण एकदा घातलं की सगळ्या ॲपला ह्याचा नियम लागतो."

आबांनी चष्मा काढला. मला वाटलं आता ओरडणार. पण त्यांचा चेहरा उजळला होता. गावात दोन वर्षं कुणी जमीन काढली नव्हती, आणि इथे पुतणी आयती सामायिक मिळकत घेऊन आली होती.

"म्हंजी सामायिक हाय. सामायिकात समद्यांनी सह्या दिल्या तर मोकळं हुतं. हिस्सेदार किती?"

मी बघितलं. हे विचारणं तसं बरोबरच होतं. ज्यांनी ज्यांनी तो कोड लिहिला त्या सगळ्यांनी परवानगी दिली, तर माझ्यापुरता तो वेगळ्या अटींवर मिळू शकतो. वाट शोधणाऱ्या कोडवर सात जणांची नावं होती. एक मूळ लिहिणारा, सहा नंतर हातभार लावलेले. सगळे परदेशात.

आबांनी वहीच्या पानावर वंशावळ काढली. वर मूळ पुरुष, खाली सहा फांद्या. मी म्हटलं, "आबा, ते नातेवाईक नाहीत एकमेकांचे." ते म्हणाले, "बरं हाय की. नातेवाईक आसते तर दहा वरसं लागली आसती."

त्यांची पद्धत अशी. मुख्य माणसाकडे शेवटी जायचं. आधी लांबच्याला धरायचं, ज्याचा हिस्सा बारीक, कारण त्याला ओढ नसते. तो 'हो' म्हणाला की पुढच्याला सांगायचं, अमका हो म्हणाला. आणि रिकाम्या हाताने जायचं नाही.

"मेल आहे आबा. हातात काय नेणार?"

"इंद्रायणी इचार. पाच-पाच किलो धाडू म्हनावं."

मी ते खरंच लिहिलं. मी लिहून टाकते, सांगितलं ना. औपचारिक मेलच्या शेवटी 'आमचे काका आपल्याला मावळातला सुगंधी तांदूळ पाठवू इच्छितात' असं इंग्रजीत लिहून सहा मेल धाडले.

उत्तरं येत गेली तशी मी ती आबांना फोनवर वाचून दाखवायची. पहिल्याने लिहिलं की मी फक्त एका शब्दाचं स्पेलिंग दुरुस्त केलं होतं, माझा काही हक्क असेल असं मला वाटलंच नव्हतं, खुशाल घ्या. दुसऱ्याने लिहिलं की मी आता कोड लिहीत नाही, मेंढ्या पाळतो, घ्या. आबांना हा माणूस फार आवडला. "किती मेंढ्या, इचार," म्हणाले. मी विचारलं. चाळीस. तिसऱ्या बाईंनी परवानगी दिली आणि तांदळाला किती पाणी घालायचं ते विचारलं, त्यावर आईने मला समोर बसवून तीन परिच्छेद लिहायला लावले. चौथ्याने, पाचव्याने नुसतं 'हो'. सहाव्याचं 'मी सुट्टीवर आहे' असं आपोआप जाणारं उत्तर आलं. आबा म्हणाले, "ह्यो आडून बसलाय." मी म्हटलं, "नाही आबा, मशीन बोलतंय ते." "मशीनच्या मागं लपलाय म्हंजी." दोन दिवसांनी सुट्टीवरून आल्यावर तोही हो म्हणाला.

सहा झाले. आठवडा गेला होता. पप्पांनी तोवर मला ऑफिसला घालायला बूट आणले होते.

मग मूळ पुरुषाला मेल गेला. सहा जणांच्या होकारासकट, तांदळासकट.

त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. सभ्य होतं, छोटं होतं. आमच्या इकडच्या डोंगरातल्या लोकांसाठी मी हे लिहिलं, असं त्याने लिहिलं होतं. पैसे नकोत, तांदूळही नको, आभार. तू उघडं ठेवणार असशील तर सगळं तुझंच आहे, मला विचारायचीही गरज नाही. कुलूप लावणार असशील तर स्वतः लिही. फार अवघड नाही.

मी आबांना वाचून दाखवलं. पलीकडे वहीचं पान फाडल्याचा आवाज आला.

"आबा?"

"आली का आत्या," ते म्हणाले.

आता ती न मिळालेली सही सांगते. औंढ्याला आमचा सामायिक भाताचा तुकडा आहे. सात वर्षांपूर्वी त्याला गिऱ्हाईक आलं होतं. सगळ्यांनी सह्या दिल्या, पप्पांनीही दिली. राहिली आत्या. ती आबांहून मोठी, कुरवंड्याला दिलेली. आबा तिच्याकडे चार वेळा गेले. साडी नेली, मिठाई नेली, एकदा गिऱ्हाइकालाच घेऊन गेले. तिने सगळ्यांना जेवायला घातलं आणि सही दिली नाही. का, तेही सांगितलं नाही. सगळ्या तालुक्याच्या सह्या आणणारा माणूस, घरची सही आणू शकला नाही. आबा हे विसरलेले नाहीत, आणि गाव त्यांना विसरू देत नाही.

पण मला राग आला होता तो 'फार अवघड नाही' चा. मी म्हटलं, ठीक आहे, लिहिते. वाट शोधणं म्हणजे काय, ह्या रेघेवरून त्या रेघेवर जायचं, सगळ्यात जवळचा रस्ता निवडायचा. मी पाच दिवसांत लिहिलं. माझं स्वतःचं, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत. चाललंही. फोनच्या पडद्यावर लोणावळ्यापासून कुरवंड्यातल्या आत्याच्या घरापर्यंत एक सुंदर निळी रेघ आली, जुन्या कोडच्या रेघेपेक्षा कितीतरी छोटी. मला वाटलं मी हुशार आहे.

आबा म्हणाले, "चालून बगू. मीबी येतो. आक्काला भेटाया लय दिस झालं."

सप्टेंबरचे दिवस होते. भात पोटरीला आलेलं, ओढे भरलेले. आम्ही लोणावळ्यातून थोडं रिक्षाने जाऊन पायी निघालो. पहिली पंधरा मिनिटं छान गेली. मग रेघ रस्ता सोडून उजवीकडे उतरली.

"तितं कुटं?" आबा म्हणाले. "वाट तर सरळ हाय."

"हा जवळचा रस्ता आहे आबा. म्हणून तर ॲप."

आबा आले. आधी गवत, मग चिखल, मग दगड, मग पाणी. मी फोन बघत होते. रेघेवर अगदी बरोब्बर होतो, इकडे नाही की तिकडे नाही. पाणी घोट्यापर्यंत आलं, मग पोटरीपर्यंत. आबांनी पायजमा वर धरला होता आणि दुसऱ्या हातात चपला. एका बंगल्याच्या मागच्या भिंतीखालून आम्ही वाकून गेलो. वरून एक कुत्रं आमच्याकडे बघत होतं. ते भुंकलंही नाही, इतकं त्याला नवल वाटलं.

"पोरी, आपन कशात हाओत, ठावं हाय का?"

"वाटेवर."

"ओढ्यात हाओत."

मी नकाशा मोठा करून बघितला आणि मला कळलं. नकाशाच्या माहितीत वाट म्हणजे एक रेघ असते. आणि ओढा म्हणजेही एक रेघ असते. कुठली रेघ चालायची आणि कुठली पोहायची, हे माझ्या कोडला मी सांगितलंच नव्हतं. ओढा कसा, कुणाला न विचारता खाली उतरतो. म्हणून तो जवळचा.

मी हे आबांना सांगितलं. ते पाण्यात उभे राहून मान हलवत राहिले. "म्हंजी तुज्या सरांची मानसं समदी ओढ्यातनं जानार."

"त्या परदेशातल्या माणसाच्या कोडमध्ये असं होत नव्हतं," मी म्हटलं.

"त्यो ओढ्यात पडून शिकला आसंल. तू आज पडलीस."

पुढे आत्याच्या घराच्या तीन शेतं अलीकडेच फोनवर आलं, 'आपण पोहोचलात.' आबांनी तिथे चरणाऱ्या म्हशीकडे बघून रामराम केला.

आत्याने आम्हाला बघितलं, आबांचा पायजमा बघितला, आणि पहिलं वाक्य असं बोलली, "पुन्यांदा सही मागाया आलास व्हय? आन ह्या खेपंला पवत?"

आबा म्हणाले, "तुजी न्हाई आक्का. तुज्यासारकाच एक परदेशात गावलाय, त्याची पायजे."

आत्याने चहा टाकला. मी सगळं सांगितलं, माझ्या नेहमीच्या वेगाने. आत्या मधेमधे 'हळू' म्हणत होती. माझं अर्धं झालं असेल, तेवढ्यात शेजारच्या काकू वाटी घेऊन दारात आल्या. त्यांचं दही नासलं होतं, विरजण हवं होतं. आत्याने फडताळातून काढून चमचाभर घातलं. काकू गेल्या.

"ह्ये बग," आत्या म्हणाली, "हिला मी इरजण दिलं. काय घेतलं का तिच्याकडनं?"

"नाही."

"तिच्या चार लिटर दुधात माजा चमचाभर. पन सकाळच्याला समद्याचंच दही हुनार, चमच्यापुरतं न्हवं. दही तिचं, इकंना का. पन उद्या माजं नासलं, तर मला तिच्या दारात जाता आलं पायजे. तिनं कडी लावून घेतली, तर मग मी कुटं जायाचं? सोता माज्याच इरजणाचं दही, आन माज्याच तोंडावर कडी." तिने चहा गाळला. "तुजा त्यो मानूस येवडंच म्हनतोय, कडी लावू नगं. लय म्हनतोय का?"

मी दोन रात्री त्या लायसन्सवर लोकांनी लिहिलेलं वाचत बसले होते. एवढं सरळ कुणी लिहिलं नव्हतं.

आबा बशीत चहा ओतत होते. बशीकडे बघतच म्हणाले, "आन तुजं काय हुतं? सात वरसं इचारीन म्हनतोय."

"काय?"

"जमिनीचं. का न्हाई दिलीस सही?"

आत्या हसली. "तवा इचारलंस का कदी? चार वेळा आलास. साडी आनलीस, पेढं आनलंस. 'का देत न्हाईस' आसं येकदातरी इचारलंस?"

आबा बशीतला चहा फुंकत राहिले.

"लावनीला समदी येता तुमी. चार दिस. ती जमीन गेल्यावं कोन कुनाकडं आलं आसतं?"

"आलोच आसतो की."

"काय कराया?"

आबांनी चहा प्यायला. परत येताना आम्ही रस्त्याने आलो. अर्ध्या वाटेत ते एकदम म्हणाले, "इचारायला पायजे हुतं."

आता राहिले सर. पहिली तारीख चार दिवसांवर. मी ठरवलं होतं की खरं सांगायचं, पण मला भराभरा बोलायची सवय, त्यामुळे खुर्चीत बसायच्या आधीच सगळं निघालं. सर, एकटीने नाही, तिघांचा कोड आहे, आवाज काढावा लागेल, वाटवाला कुलूप लावू देत नाही, मी स्वतः लिहून बघितलं पण ते ओढ्यातून नेतं.

"ओढ्यातून म्हणजे?"

मी दाखवलं. सरांनी स्वतःच्या तंबूंच्या जागेपासून वरच्या पठारापर्यंत रस्ता मागितला. निळी रेघ थेट धबधब्यातून वर गेली.

"ही पावसाळी स्कीम आहे का?" सर म्हणाले.

मग त्यांनी कागद बाजूला सारला. "म्हणजे उघडं ठेवायचं. दुकान उघडं टाकून मी घरी जायचं. उद्या तो शेजारचा कॅम्पवाला माझंच ॲप उचलेल, वर त्याचं नाव लावेल."

"त्याचं लावेल, पण आपलं काढता येणार नाही. आणि सर, त्याने त्यात काही सुधारून लोकांना दिलं, तर तेही त्याला उघडंच ठेवावं लागेल. मग ते आपल्यालाही घेता येईल."

सर थांबले. "म्हणजे राबणार तो आणि वापरणार मी?"

"हो. म्हणजे, उलटंही."

उलटं त्यांनी ऐकलंच नाही. ते खिडकीतून बाहेर, जिथे कुठे त्यांचा तो शेजारी असेल तिकडे बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर मोठं समाधान होतं. मग वळून म्हणाले, "तीन महिने बघू. पण तू मला खोटं बोललीस, ते मी लक्षात ठेवणार आहे. आणि हे मुकं चालणार नाही. बोलणारं कुणीतरी आण."

मी आबांना आणलं.

रेकॉर्डिंग औंढ्यातच झालं, पंखा बंद करून. मी लिहून दिलं होतं, 'पुढे डावीकडे वळा.' आबांनी वाचलं आणि म्हणाले, "आसं कोन बोलतं?" मग त्यांच्या मनाने बोलले. "डावीकडं. न्हाई, ती वाट न्हवं, फुडची." आणि, "हितं निसरडं हाय, हळू." आणि वाट चुकलेल्यासाठी, "कुटं चाललास? मागं फिर." सरांना इतकं आवडलं की त्यांनी ते आपल्या फोनची रिंगटोन केलं.

आवाज घालताना मला आठवलं. ह्या वेळी आधीच आठवलं. आवाज आबांचा, म्हणजे हक्क आबांचा. परवानगी लेखी हवी. मी पान छापून औंढ्याला नेलं.

आबांनी चष्मा पुसला. कागद उजेडात धरला. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, उलटा करून मागची कोरी बाजूही बघितली.

"म्हंजी माज्या सहीबिगर तुमचं आडतंय."

"हो आबा."

"इचार करून सांगतो."

"आबा, परवा पहिली तारीख आहे."

"मग उद्या ये."

मी दुसऱ्या दिवशी गेले. त्यांनी मला जेवायला घातलं. पीक दाखवलं. सातारच्या एका सहीची जुनी गोष्ट सांगितली, जी मी दहा वेळा ऐकली आहे. कागद कोनाड्यात तसाच होता. मी निघायला लागले तेव्हा आतून मोठी आई, म्हणजे आबांची बायको, एकदम म्हणाली, "द्या की आता. किती खेळवाल पोरीला."

"खेळवत न्हाई," आबा म्हणाले. "येवडी वरसं दुसऱ्याच्या दारात बसलो. येक दिस माज्याबी दारात कुनीतरी बसू दे."

मग पेन घेतलं, टोपण काढलं, आणि लिहिता लिहिता थांबले.

"पोरी, फुडंमागं कडी लावनार न्हाईस ना?"

"नाही आबा. लावताच येत नाही."

"तसं न्हवं. तू लावनार न्हाईस ना?"

मी म्हटलं, नाही. त्यांनी सही केली. त्यांच्या त्या सावकाश, प्रत्येक अक्षर वेगळं उभं करणाऱ्या अक्षरात. शाई वाळेपर्यंत कागद हातात धरून ठेवला आणि मला म्हणाले, "आता कुरवंड्याला फोन लाव. आक्काला सांग, मला येकानंबी 'का देत न्हाईस' म्हनून इचारलं न्हाई, तरी मी दिली."